पाक चोंगच्या लुंगना आभार पत्र

आदरणीय लुंग,

सादर प्रणाम.

आईवडिलांपेक्षा वयाने मोठ्या गृहस्थांना थाई भाषेत 'लुंग' म्हणतात, एवढे आमच्या थाई वर्गमित्राने शिकवले होते आणि त्या संध्याकाळी तुम्हाला हाक मारायला आमच्यापाशी तेवढाच शब्द होता. तुमचे नाव विचारायचे राहून गेले, याची खंत आहे. मनातले सगळे सांगता येईल इतकी थाई मला अजून येत नाही, म्हणून मराठीत लिहीत आहे. या पत्राचा अर्थ तो वर्गमित्र तुमच्या पत्नीच्या फळांच्या टपरीवर येऊन तुम्हाला सांगणार आहे.

बँकॉकजवळच्या पथुम थानीला एकत्र शिकणारे आम्ही सहा जण ऑगस्टमधल्या एका शनिवारी खाओ याय पाहायला आलो होतो. 1962 साली स्थापन झालेले हे थायलंडचे पहिले राष्ट्रीय उद्यान. सकाळी डोक्यावरून पंखांचा मोठा आवाज करत महाधनेश गेला, आणि आमच्या सिंधुदुर्गातही दिसणारा हा पक्षी इतक्या दूर भेटल्याने मी हरखून गेलो. दुपारी मात्र हेव सुवात धबधब्याच्या ओल्या पायऱ्यांवर आमच्या मैत्रिणीचा पाय मुरगळला. घोटा टम्म सुजला. परतीसाठी ठरवलेली गाडी चार वाजता यायची होती, ती साडेपाचपर्यंत आली नाही आणि फोनही लागेना. उद्यानात सार्वजनिक बस नाही, उत्तरेचे फाटक मुख्यालयापासून सुमारे 14 किलोमीटरवर, वरून पाऊस.

तुम्ही पिकअप थांबवलीत तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला तो भाड्याचा. तुम्ही उत्तर न देता तिच्या पायाकडे बोट दाखवले, खाली उतरलात आणि खिशातली बामची छोटी काचेची बाटली काढून, आधी तिची परवानगी घेऊन, अगदी हलक्या हाताने घोट्याला बाम लावलात. कापूर आणि पुदिन्याचा तो वास अजून माझ्या नाकात आहे. त्या प्रश्नाबद्दल मी तुमची क्षमा मागतो.

वाटेत हत्तींचा कळप रस्त्यावर आला, तेव्हा आमच्यापैकी एकाने फोन काढून फ्लॅश सुरू केला होता. तुम्ही काचेतून मागे वळून ओठांवर बोट ठेवलेत, 'छांग', म्हणजे हत्ती, एवढेच हळू म्हणालात, हॉर्न न वाजवता आणि इंजिन बंद न करता गाडी सावकाश मागे घेतलीत आणि शेवटचे पिल्लू झाडीत दिसेनासे होईपर्यंत थांबलात. आम्ही घाबरलो होतो, पण तुमचे स्टीअरिंगवरचे हात इतके शांत होते, की आमचाही श्वास जागेवर आला.

उद्यानाजवळच्या तुमच्या पाक चोंग गावी दवाखान्यात नेऊन सोडलेत असते, तरी ते उपकारच ठरले असते. तुम्ही मात्र एक्स-रे होऊन हाड शाबूत असल्याचे कळेपर्यंत बाकावर बसून राहिलात, डॉक्टरांचे म्हणणे हातवाऱ्यांनी समजावलेत आणि रात्री आम्हाला बँकॉकच्या गाडीत बसवून दिलेत. पुढे केलेल्या नोटांमधून डिझेलपुरती एक घेऊन बाकीच्या माझ्या मुठीत परत दाबल्यात. ज्या हमरस्त्यावर आपण निरोप घेतला, त्याचे 'मित्रफाप' हे नाव म्हणजे आमचाच 'मित्रभाव' शब्द आहे, हे मला नंतर कळले. तेव्हापासून त्या रस्त्याचा फलक दिसला, की तुमची आठवण येते.

आणि ती पिशवी! गाडी सुटता सुटता तुमच्या पत्नीने खिडकीतून आत दिलेली सहा 'नोय-ना', म्हणजे आमची सीताफळे. मी सासवडचा, सीताफळाच्या बागेत वाढलेला मुलगा. दोन महिने घरापासून दूर राहिल्यावर त्या अंधाऱ्या गाडीत फळ दोन्ही अंगठ्यांनी उकलले, पांढरा गर जिभेवर आला आणि मला बोलवेना.

घरी फोनवर हे सगळे सांगितले. आई बराच वेळ गप्प होती. वडिलांनी मात्र तुमची झाडे किती वर्षांची आहेत, छाटणी कधी करता आणि पाणी कसे देता, हे विचारायला सांगितले आहे. दसऱ्याच्या सुमारास आमची बाग पाहायला तुम्ही दोघांनी यावे, असा त्यांचा आग्रहाचा निरोप आहे. मैत्रीण आता न लंगडता चालते. तिने स्वतः तुम्हाला नमस्कार कळवला आहे.

आपला कृतज्ञ,
सासवडचा विद्यार्थी आणि त्याचे पाच सोबती