कुडलच्या वाटेवर भेटलेल्या माणसांचे आभार

रविवारी आम्ही सोलापूरची मित्रमंडळी साइडकारच्या मोटरसायकली घेऊन हत्तरसंग-कुडलला निघालो होतो. भीमा-सीनेचा संगम आणि संगमेश्वराच्या देवळातला शके 940 चा मराठी शिलालेख घरच्या मोठ्यांना दाखवायचा होता.

वाटेत उसाच्या ट्रॉलीला जागा देताना एका साइडकारचं चाक काळ्या मातीत रुतलं. साइडकार डाव्या अंगाला, त्यामुळे रेस दिली की गाडी आणखी डावीकडेच ओढायची. आत आमच्या काकू बसलेल्या.

शेजारच्या फडातले ऊसतोडीचे दादा हाक न मारताच धावत आले. काकूंना आधी हात धरून उतरवलं. एकाने चाकाखाली पाचट पसरलं, बाकीच्यांनी खांदा लावला. "दादा, रेस हळू!" एवढंच बोलणं. गाडी निघाली, पैशांना मात्र कुणी हात लावला नाही. त्यांच्यातल्या ताईंनी उलट काकूंच्या हातावर भाकरी आणि शेंगाचटणी ठेवली. त्यांच्या जेवणातली!

पुढे पंक्चर काढून देणाऱ्या मामांचेही आभार, दुकान बंद करता करता थांबलात.

तुमच्यामुळे काकूंना शिलालेख बघायला मिळाला. नावं विचारायची राहिली. कुणी ओळखत असाल तर आमचा नमस्कार नक्की पोहोचवा.