‘वॉर्निंग शून्य’च्या पाच गुणांविषयी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पुण्यात दहा-बारा वर्षे डिव्हाइस ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला जोडलेल्या उपकरणाशी बोलणारे प्रोग्राम, लिहिण्याचे काम केल्यानंतर मी सध्या दारव्हा तालुक्यातील माझ्या गावी वावर सांभाळून तेच काम घरून करतो, आणि रविवारी आसपासचे अभियांत्रिकीचे विद्यार्थी आपापले प्रकल्प घेऊन आमच्या ओसरीवर येतात. त्यांपैकी एकाने जमिनीचे तापमान मोजणाऱ्या सेन्सरसाठी लिनक्स कर्नेलचा (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा) ड्रायव्हर लिहिला होता. कोड तपासणाऱ्या ‘स्पार्स’ या साधनाने आधी तेवीस वॉर्निंग दिल्या होत्या, आता एकही उरली नाही, असे त्याने मोठ्या अभिमानाने सांगितले. कोड उघडला तेव्हा दिसले की तेवीसपैकी एकोणीस ठिकाणी त्याने दुरुस्ती केलीच नव्हती. तिथे फक्त एकेक टाइप कास्ट चिकटवला होता. कारण विचारले तर त्याने महाविद्यालयाची मूल्यमापन पत्रिका पुढे केली. तीत एक रकाना होता : ‘वॉर्निंगविरहित कोड – ५ गुण’. हे पत्र त्या रकान्यासाठी आहे.

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही अशा वाचकांसाठी थोडे सांगतो. प्रोग्राम न चालवता नुसता कोड वाचून त्यातल्या संशयास्पद जागा दाखवणे म्हणजे स्टॅटिक अ‍ॅनालिसिस, आणि लिनक्स कर्नेलसाठी हे काम करणारे ‘स्पार्स’ हे साधन खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २००३ मध्ये लिहायला घेतले. कास्ट म्हणजे कंपायलरला (कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला) दिलेली तंबी : हा आकडा अमुक प्रकारचा आहे हे मी सांगतो आहे, तू शंका घेऊ नकोस. (‘कास्ट चुकला’ हे शब्द कानावर पडताच त्या मुलाचे वडील घाबरून आत आले. प्रवेशाच्या वेळी व्हॅलिडिटीसाठी घातलेल्या खेपा ते अजून विसरलेले नाहीत.) ज्या अँड्रॉइड फोनवर आपण ई-पीक पाहणी करतो, त्याच्या तळाशीही लिनक्सचाच कर्नेल असतो. साध्या प्रोग्रामने चुकीचा आकडा धरला तर तो प्रोग्राम बंद पडतो, कर्नेलने धरला तर सगळे यंत्रच त्याच्या हाती असते.

त्या मुलाची एक ओळ मला अजून आठवते. त्याचा सेन्सर तापमान अंशाच्या दहाव्या भागांत आणि दोन बाइटांत पाठवतो, मोठा बाइट आधी. आपले बहुतेक प्रोसेसर मात्र लहान बाइट आधी वाचतात. कर्नेलमध्ये अशा आकड्यांना वेगळ्या प्रकाराची खूण करून ठेवण्याची सोय आहे, आणि खूण असलेला आकडा साध्या आकड्यात मिसळला की स्पार्स लगेच हटकतो. बाइटांची अदलाबदल करून घेणारे तयार फंक्शन वापरणे हा त्यावरचा खरा उपाय, आणि तो एका शब्दाचा आहे. मुलाने त्याऐवजी सक्तीचा कास्ट टाकून स्पार्सला गप्प केले. आता जमीन २६.० अंशांवर असेल तर २६० हा आकडा (१ × २५६ + ४) उलट वाचला जाऊन १०२५ (४ × २५६ + १) होतो, म्हणजे पडद्यावर १०२.५ अंश दिसतात. वैशाखातही आमची काळी माती चार इंच खोल इतकी तापत नाही. गंमत अशी की जमीन नेमकी २५.७ अंशांवर असेल तर दोन्ही बाइट सारखेच येतात आणि उत्तर अचूक दिसते. अंशाचा दहावा भाग पुढे सरकला, २५.८ झाले, की पडदा ५१.३ दाखवतो. प्रयोगशाळेच्या थंड खोलीत त्याने पहिल्यांदा ड्रायव्हर चालवला तेव्हा योगायोगाने २५.७ हाच आकडा आला होता, त्यामुळे पुढे तो जे काही दिसेल त्याचा दोष वायरिंगला देत राहिला.

हे सारे शेतकऱ्याच्या ओळखीचे आहे. दोन वर्षांपूर्वी पीकविम्याचा अर्ज भरताना माझ्या काकांनी सवयीने ‘दोन एकर दहा गुंठे’ सांगितले आणि सेवा केंद्रातल्या मुलाने हेक्टरच्या चौकटीत २.१० टाकले. दोन एकर दहा गुंठे म्हणजे नव्वद गुंठे, जेमतेम ०.९१ हेक्टर, २.१० हेक्टर म्हणजे पाच एकरांच्या वर. क्षेत्र सातबाऱ्याशी जुळत नाही, असे संगणकाने दोनदा सांगितले. त्या मुलामागे रांग होती, त्याने दोन्ही वेळा ‘ठीक आहे’ दाबले. आकड्यात खोट नव्हती, खोट होती ती एककात, आणि संगणकाने नेमके त्याच ठिकाणी बोट ठेवले होते. तो अर्ज निस्तरायला पुढचा उन्हाळा लागला.

विद्यार्थ्यांच्या चुका एकवेळ बाजूला ठेवू. जुलै २०२१ मध्ये क्वालिस या कंपनीच्या संशोधकांनी लिनक्स कर्नेलमधील ‘सेकोया’ नावाने ओळखली जाणारी त्रुटी जाहीर केली. ती २०१४ पासून कोडमध्ये होती. बफरचा, म्हणजे माहिती तात्पुरती ठेवण्याच्या जागेचा, आकार चौसष्ट बिटांच्या, ऋण होऊ न शकणाऱ्या प्रकारात मोजला जात होता आणि पुढच्या एका फंक्शनला तो बत्तीस बिटांच्या, ऋण होऊ शकणाऱ्या प्रकारात दिला जात होता. एकूण एक गिगाबाइटहून लांब मार्ग होईल अशी फोल्डरांची उतरंड कुणी मुद्दाम रचली की तो बफर दोन गिगाबाइटांचा होई, आणि तोच आकार पलीकडे पोचताना उणे दोन गिगाबाइट होई. परिणामी कर्नेल आपल्या हद्दीबाहेर, भलत्याच जागी दहा बाइट लिहून येत असे. तेवढ्या आधारावर साध्या वापरकर्त्याला संपूर्ण यंत्राचा ताबा घेता आला. इथे कुणी कास्ट लिहिलासुद्धा नव्हता. सी भाषा असे रूपांतर न विचारता करते, आणि त्याबद्दल हटकणारा कंपायलरचा पर्याय कर्नेल बांधताना एरवी बंदच असतो, कारण तो चालू केला तर वॉर्निंगांचा पूर येतो आणि त्यात कामाची एक वॉर्निंग शोधणे म्हणजे भुशातून दाणा वेचणे होते.

म्हणूनच प्रत्येक वॉर्निंग खरी असते असे माझे मुळीच म्हणणे नाही. कास्टशिवाय कर्नेल लिहिता येत नाही. पत्ता दाखवणाऱ्या पॉइंटरमध्येच लहान ऋण आकडा भरून कोणती चूक झाली त्याचा क्रमांक परत पाठवण्याची तिथे जुनी रीत आहे, आणि पॉइंटर पूर्णांकात ठेवायचा तर तो ‘अनसाइन्ड लाँग’ या ऋण होऊ न शकणाऱ्या पूर्णांकाच्या प्रकारात मावतो, हे तिथे गृहीतच धरलेले असते. हे कास्ट विचारपूर्वक केलेले आहेत आणि साधनांना ते कळतातही. खोट्या वॉर्निंगांना कंटाळून माणूस खऱ्या वॉर्निंगकडेही पाहीनासा होतो, हा त्रास मी स्वतः भोगला आहे. पण त्यावर सरसकट कास्ट टाकणे हे औषध रोगाहून वाईट आहे, कारण वॉर्निंग असते तोवर पुढच्या माणसाला निदान जागा तरी सापडते, आणि कास्ट टाकला की ती खूणही धुऱ्यावरच्या दगडासारखी उपटून फेकली जाते. दोन आकड्यांतला लहान आकडा निवडताना दोन्ही आठ बिटांत (जिथे २५५ पर्यंतच मावते) कास्ट केले तर ३०० चे ४४ होतात आणि २०० शी तुलना करून ‘लहान’ म्हणून ४४ निवडले जातात. त्यावर कंपायलर अवाक्षर काढत नाही, कारण आपणच त्याला तसे बजावलेले असते.

एक उदाहरण कर्नेलबाहेरचे आहे, पण नेमके याच मुद्द्याचे आहे. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियान-५ हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात चाळीस सेकंदांच्या आत नष्ट झाले. चौसष्ट बिटांची दशांश संख्या सोळा बिटांच्या पूर्णांकात बसवताना ती मावली नव्हती. अशा सात संख्यांपैकी चार सुरक्षित केलेल्या होत्या आणि तीन जाणूनबुजून तशाच सोडल्या होत्या, कारण त्या आधीच्या रॉकेटच्या हिशेबाने मर्यादेत राहणार होत्या. चौकशी समितीने नोंदवले की या निर्णयाचे समर्थन कोडमध्ये कुठेच लिहिलेले नव्हते. मला स्फोटाहून हे वाक्य जास्त बोचते. त्या ओळीशेजारी ‘हा आकडा अमुकपेक्षा जास्त जात नाही म्हणून’ एवढे लिहिलेले असते, तर नव्या रॉकेटसाठी तो कोड उचलणाऱ्याला प्रश्न पडायला निदान जागा मिळाली असती.

आपल्या दैनिकाचे वाचक यवतमाळ, वाशीम, अमरावतीच्या महाविद्यालयांत शिकवतात, म्हणून विनंती त्यांनाच आहे. ‘वॉर्निंगविरहित कोड’ला गुण दिले की मुले वॉर्निंग घालवतात, चूक घालवायला कुणी सांगितलेलेच नसते. तो रकाना काढून त्याजागी ‘उरलेल्या प्रत्येक वॉर्निंगचे आणि टाकलेल्या प्रत्येक कास्टचे कारण एका ओळीत’ असे लिहावे, आणि गुण पाचच ठेवावेत. ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रात्यक्षिकांत एक तास स्पार्सला द्यावा. साधन फुकट आहे आणि प्रयोगशाळेतल्या जुन्या संगणकांवरही चालते. त्या तासात वॉर्निंग मिटवायला सांगू नये, फक्त पाच वॉर्निंग वाचून प्रत्येकीतला आकडा कुठून आला आणि कुठे चालला हे वहीत लिहायला सांगावे.

त्या मुलाने कास्ट काढले तेव्हा एकोणीस वॉर्निंग परत आल्या. सात खऱ्या निघाल्या, त्या त्याने दुरुस्त केल्या. उरलेल्या बारा ठिकाणी कास्ट ठेवावा लागला, पण आता प्रत्येकाच्या शेजारी एकेक ओळ लिहिलेली आहे. सेन्सर सध्या आमच्या तुरीत पुरलेला आहे आणि काल दुपारी त्याने ३१.४ दाखवले. अंतिम सादरीकरण पुढच्या महिन्यात आहे, आणि पत्रिकेतला तो रकाना अद्याप तसाच आहे.

आपला,
एक वाचक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ