‘द हे वेन’समोर स्टूल आणून देणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

लंडनच्या नॅशनल गॅलरीत त्या दुपारी तुम्ही ड्युटीवर होतात. तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे उघड पत्र.

आमच्या माजघरात कॅलेंडरातून कापून चौकटीत बसवलेलं, जॉन कॉन्स्टेबल या इंग्रज चित्रकाराचं ‘द हे वेन’ (म्हणजे गवताची गाडी) हे चित्र आहे. आप्पा त्याला ‘पाण्यातली गाडी’ म्हणतात. लंडनला गेल्यावर खरं चित्र बघायचं, एवढंच त्यांचं मागणं होतं. आदल्या दिवशी सहलीच्या कंपनीच्या माणसाने त्यांना दालनाच्या दारातूनच परत फिरवलं. “आजोबा, चला, बस थांबायची नाही.” रात्री आप्पा जेवले नाहीत. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघंच आलो. आप्पांचे गुडघे दुखतायत हे तुम्ही लांबूनच ओळखलंत आणि न मागता स्टूल आणलंत. पण मला विसरता येत नाही ते पुढचं. आप्पा चित्राकडे बघत स्वतःशीच बोलत होते. तुम्ही त्यांच्याशेजारी खाली बसलात आणि मला विचारलंत, “काय म्हणतायत ते?”

ते म्हणत होते, “उन्हानं लाकडाचं चाक आकसतं, त्याच्यावरची लोखंडी धाव ढिली होते. म्हणून गाडी पाण्यात घातलीय. आम्ही ओढ्यात अशीच उभी करायचो.”

माझं भाषांतर अडखळत चाललं होतं, तरी तुम्ही शेवटपर्यंत ऐकलंत. जाणकारही असंच सांगतात म्हणालात. मग उजवीकडे लांबच्या शेतात गवत कापणारी माणसं दाखवलीत. आमच्या कॅलेंडरात तिथे नुसते फिकट ठिपके आहेत! आप्पांनी ती हवेत बोट धरून मोजली. चित्रातली स्टूर नदी, डावीकडचं विली लॉट या शेतकऱ्याचं घर, कॉन्स्टेबल गिरणीवाल्याचा मुलगा, सगळं तुम्ही निवांत सांगितलंत. 1821 मध्ये लंडनच्या प्रदर्शनात हे चित्र कुणी विकत घेतलं नाही आणि 1824 मध्ये पॅरिसला त्याला सुवर्णपदक मिळालं, हे ऐकून आप्पा म्हणाले, “म्हणजे याच्यापुढंपण आधी कुणी थांबलं नाही.”

चित्रं राखायचं काम तुमचं. म्हाताऱ्या माणसाचं मन राखायला तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. अशी माणसं भेटली की परका मुलूख परका राहत नाही.

आता घरी कुणी आलं की आप्पा काठीचं टोक त्या फिकट ठिपक्यांवर टेकवतात. “हितं माणसं हायेत. तिथल्या पोरीनं दाखवली.”