भिंतीपलीकडचा संगणक

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

तुझे पत्र येऊन पंधरा दिवस झाले. मागच्या खोलीत वायफाय पोचत नाही, तेव्हा माणूस बोलवावा की आपणच केबल ओढावी, असे तू विचारले आहेस. उत्तराला उशीर झाला, कारण नेमका हाच उद्योग मी घरी आरंभला होता आणि तो तडीस गेल्याखेरीज तुला सल्ला देणे मला प्रशस्त वाटेना.

माझी अडचण तुझ्यासारखीच होती. राउटर बैठकीच्या खोलीत आणि संगणक दोन भिंतींपलीकडे. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल वेगवान खरा, पण भिंत आडवी आली की तो मान टाकतो, २.४ गिगाहर्ट्झचा पोचतो, पण त्या पट्ट्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या राउटरांचीही गर्दी असते. म्हणून केबल घालायचे ठरवले. तयार केबल घ्यावी, तर तिच्या टोकाचा प्लग सुमारे १२ मिलिमीटर रुंद. तो पार व्हायचा तर भिंतीला उंदराच्या बिळासारखे भोक पाडावे लागले असते. नुसती केबल मात्र जेमतेम ६ मिलिमीटर जाड असते. तेव्हा ८ मिलिमीटरचे भोक पाडून केबल ओवावी आणि प्लग मागाहून हाताने बसवावेत, असा बेत केला. पुढचे सारे रामायण या काटकसरीपायी घडले.

भोक पाडण्याचे काम त्या मानाने सोपे गेले. ड्रिलचे टोक पलीकडे निघताना गिलाव्याची तळहाताएवढी ढपली उडाली, ती लांबी भरून बुजवली; शेवटच्या बोटभर अंतरात जोर कमी करायचा असतो, हे शहाणपण ढपली पडल्यावर आले. धूळ शिरू नये म्हणून संगणकावर मी चादर घातली होती. तो चालू आहे, हे मात्र ध्यानात राहिले नाही. दहा मिनिटांत पंखा असा घोंघावू लागला की घरच्या मंडळींनी धावत येऊन चादर ओढून काढली आणि त्यानंतर मला जे ऐकवले, ते येथे लिहीत नाही.

खरी परीक्षा प्लगांची होती. केबलच्या आत आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या, आणि प्रत्येक जोडीला पीळ घातलेला असतो. मी पीळ उलगडून नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी अशा जोड्या शेजारी-शेजारी मांडल्या (प्रत्येकीत आधी पांढऱ्याशी मिसळलेल्या रंगाची तार, मग नुसत्या रंगाची), तारांची टोके एका रेषेत कापली, प्लगमध्ये सरकवली आणि पकडीने दाबली. दुसऱ्या टोकालाही हाच क्रम ठेवला. केबल तपासण्याच्या टेस्टरवर एकापासून आठपर्यंतचे दिवे ओळीने लागले, तेव्हा मी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. पण केबल जोडली, तर राउटर आणि संगणक दोन्ही सेकंदाला १००० मेगाबिट वेगाचे असताना जोडणी मात्र १०० वर अडून बसली. ५० जीबी फोटोंची प्रत करायला सव्वा तास लागला. दोन संध्याकाळी मी राउटरला दोष देण्यात घालवल्या.

दोष माझ्या नीटनेटकेपणात होता. एका जोडीतल्या दोन तारांतून परस्परविरुद्ध सिग्नल जातात. बाहेरचा व्यत्यय, पीळ असल्यामुळे, दोघींवर सारखाच पडतो आणि पलीकडे दोघींतला फरक तेवढा मोजला जात असल्याने तो व्यत्यय आपोआप वजा होतो. ग्रॅहॅम बेलने टेलिफोनच्या तारांसाठी १८८१ मध्ये याच कल्पनेचे पेटंट घेतले होते. आता प्लगमधल्या तिसऱ्या आणि सहाव्या जागा मिळून एक जोडी होते. चौथी आणि पाचवी तिच्या पोटात असतात. माझ्या मांडणीत तिसऱ्या जागी हिरवी-पांढरी आणि सहाव्या जागी निळी आली, म्हणजे संसार एकीशी आणि पीळ दुसरीशी. टेस्टर फक्त तार अखंड आहे की नाही एवढेच पाहतो, म्हणून त्याचे दिवे बिनदिक्कत लागले.

दोन्ही प्लग कापून टाकले आणि योग्य क्रमाने नवे बसवले: नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. पीळ या खेपेस अर्ध्या इंचाहून जास्त उलगडला नाही. तेच फोटो आठ मिनिटांत गेले.

तेव्हा माणूस बोलावू नकोस. केबल मात्र हातभर जास्त घे, कारण पहिला प्लग वाया जाणार हे गृहीत धर. ती विजेच्या वायरीला खेटून नेऊ नकोस; ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांड. आणि भोक पाडण्यापूर्वी त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंचे स्विचबोर्ड कोठे आहेत, याची एक आकृती काढून मला पाठव. बोर्डाच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत वायरी गेलेल्या असण्याचा संभव असतो, तेथे ड्रिल लावायचे नाही. आकृती पोचली की भोकाची जागा आपण दोघे मिळून ठरवू. तोवर ड्रिल बाहेर काढू नकोस.

तुझा,
स्नेहांकित मित्र