जबाब झाला, लेकराचं पुढे काय?

मा. महिला व बालविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य
सविनय नमस्कार.

पोक्सोचा, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, गुन्हा दाखल झाला, आरोपीला अटक झाली, की फाइल पुढे सरकते. मूल मात्र तिथेच असतं. आठ वर्षांची मुलगी पुन्हा अंथरूण ओलं करू लागते, शाळेच्या वेळेलाच तिचं पोट दुखतं. काही मुलं सुरुवातीला अगदी नेहमीसारखी वागतात. घरचे म्हणतात, 'विसरली ती.' विसरलेली नसते.

मूल किती सावरेल, हे अत्याचार किती गंभीर होता एवढ्यावरच ठरत नाही. त्याने ज्याला पहिल्यांदा सांगितलं, तो माणूस कसा वागला, यावर फार अवलंबून असतं. 'तुझी चूक नाही, सांगितलंस ते बरं केलंस' एवढं आईने म्हटलं तरी मुलाला धीर येतो. 'मग ओरडली का नाहीस?' या एका प्रश्नाने ते मिटून जातं. अत्याचार करणारा घरातलाच आणि कमावता असेल, तर आईची कोंडी होते: लेकराची बाजू घ्यायची, तर खोलीचं भाडं कोण भरणार? म्हणून आईला उभं करणं हा मुलाच्या उपचाराचाच भाग आहे, उपकार नव्हे.

समुपदेशनाची साधारण 12 ते 16 सत्रं लागतात, आठवड्याला एक. आधी झोप, भीती, श्वास, भावनांना नावं देणं. घटनेबद्दल बोलणं त्यानंतर, मुलाच्या चालीने. सोबत पालकांचीही सत्रं. पहिल्याच भेटीत 'काय झालं ते सांग' म्हटलं की सगळं बिघडतं, कारण पोलीस, डॉक्टर, न्यायदंडाधिकारी यांना ते तेच सांगून आलेलं असतं. आणि दिघा, तुर्भे किंवा मुंब्र्याची आई दर आठवड्याला अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवू शकत नाही. सत्रं तिथेच तुटतात. महापालिकांशी बोलून तिथल्या नागरी आरोग्य केंद्रांत संध्याकाळी आणि रविवारी प्रशिक्षित बालसमुपदेशक बसवा. पोक्सो नियम 2020 प्रमाणे अन्न, कपडे, प्रवास यांसाठी तातडीच्या मदतीची शिफारस बालकल्याण समिती (मुलांच्या संरक्षणाचे निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) करू शकते, आणि शिफारस पोचल्यापासून आठवड्यात पैसे द्यायचे असतात. ठाणे जिल्ह्यात ती मुदत पाळली जाते का, हे दर महिन्याला तपासा.

कायद्यानुसार न्यायालयाने दखल घेतल्यापासून 30 दिवसांत मुलाची साक्ष व्हायला हवी. तारखा लांबतात, आणि प्रत्येक तारखेआधी वाईट स्वप्नं परततात. ठाणे आणि बेलापूरच्या न्यायालयांत साक्षीच्या आधी आणि नंतर एकेक सत्र ठेवायची जबाबदारी साहाय्यक व्यक्तीवर, म्हणजे खटला संपेपर्यंत मुलाच्या सोबतीला समितीने नेमलेल्या व्यक्तीवर, सोपवा. मूल तिला आधीपासून ओळखत असलं पाहिजे. साक्षीच्या दिवशी दारात भेटलेली अनोळखी बाई उपयोगाची नाही. तक्रारीनंतर 24 तासांत पोलीस समितीला कळवतात, तेव्हाच ही नेमणूक व्हावी, आणि तिचा फोन नंबर आईच्या हातात कागदावर लिहून दिला जावा.

आपले,
ठाणे आणि नवी मुंबईतील बालसमुपदेशक