कॅन्टीनच्या दारातून परत आलात, त्याबद्दल

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

रविवारी फोनवर तुम्हाला धड ऐकू येत नव्हतं बाबा, आणि इथला टॉवरही ये-जा करत होता. म्हणून पत्र लिहायला घेतलं. आईने मागून मोठ्याने सांगितलं तेवढं कळलं. माझ्या ओळखपत्राची झेरॉक्स घेऊन तुम्ही मिलिटरी कॅन्टीनला गेलात, तासभर उन्हात उभे राहिलात, आणि दारावरच्या माणसाने "हे इथं चालत नाही, हा फौजी नाही" म्हणून परत पाठवलं. मग तुम्ही मला विचारलंत, "तू नक्की कशात आहेस रे?"

हा प्रश्न मला लागला. चौदा वर्षं नोकरी झाली, आणि मी तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही. पुण्यात वर्दी म्हटली की मिलिटरी. एका अंगाला सदर्न कमांड, दुसऱ्या अंगाला खडकवासल्याची एनडीए. तुम्ही पर्वती पायथ्याला सगळ्यांना "पोरगा मिलिटरीत आहे" असं सांगायचात, ते ऐकायला मलाही बरं वाटायचं. म्हणून गप्प बसलो. ते चुकलं माझं.

बाबा, मी बीएसएफमध्ये आहे, सीमा सुरक्षा दलात. पेपरवाले आम्हाला निमलष्करी म्हणतात, पण सरकारदरबारी आम्ही केंद्रीय सशस्त्र पोलीस. सैन्य संरक्षण मंत्रालयाचं, आम्ही गृह मंत्रालयाचे. सीआरपीएफ म्हणजे केंद्रीय राखीव पोलीस दल, आयटीबीपी, एसएसबी, लोहगावच्या विमानतळावर दिसतात ते सीआयएसएफवाले, ही सगळी आमचीच भावंडं.

आमचं दल कसं उभं राहिलं ते सांगतो. 1965 पर्यंत पाकिस्तानची सीमा मुख्यतः ज्या त्या राज्याचे सशस्त्र पोलीस राखायचे. त्या वर्षी 9 एप्रिलला कच्छच्या रणात सरदार पोस्टवर पाकिस्तानी सैन्याने हल्ला केला. तिथे होते सीआरपीएफचे मूठभर जवान आणि समोर आख्खी ब्रिगेड. पोरांनी पोस्ट सोडली नाही. पण राज्याराज्यांच्या तुकड्यांवर सीमा सोपवून भागणार नाही, हे दिल्लीला तेव्हा कळलं, आणि 1 डिसेंबर 1965 ला बीएसएफ उभं राहिलं. पहिले प्रमुख के. एफ. रुस्तमजी. त्यांचा जन्म आपल्या नागपूरजवळच्या कामठीचा.

शांततेच्या काळात सीमेवर सैन्य आणून बसवलं की समोरचाही सैन्य आणतो आणि मग साध्या भांडणाचं युद्ध व्हायला वेळ लागत नाही. म्हणून रोजची राखण पोलिसांकडे. युद्ध लागलं की आम्ही सैन्याच्या हुकमाखाली लढतो. 1971 मध्ये आमच्या लोकांनी तेच केलं.

आता मी इथं, पश्चिम बंगालच्या नदिया जिल्ह्यात, बांगलादेशच्या सीमेवर काय करतो ते. तुम्हाला वाटत असेल, तारेचं कुंपण म्हणजेच सीमा. तसं नाही. खरी सीमा म्हणजे शेतात रोवलेले खांब. कुंपण त्यापासून साधारण दीडशे यार्ड आपल्या बाजूला आहे, कुठेकुठे जास्तच आत. मधल्या पट्ट्यात आपल्याच लोकांची शेती आहे. त्यांना रोज आमच्या गेटमधून जावं लागतं. सकाळी गेट उघडलं की रांग लागते. प्रत्येकाचं कार्ड आम्ही पेटीत ठेवून घेतो, रजिस्टरमध्ये नाव, वेळ, हातात काय आहे ते लिहितो. विळा, खताची गोणी, दोन बैल. बायकांची झडती महिला कॉन्स्टेबल घेते, साताऱ्याची आहे, तिच्याशी बोललं की आपल्याकडचं ऐकल्यासारखं वाटतं. संध्याकाळी प्रत्येक जण परत येऊन कार्ड घेऊन जातो. तुम्ही पीएमटीत असताना वे-बिल आणि बॅगेतले पैसे जुळल्याशिवाय डेपोतून घरी यायचा नाहीत ना, तसंच आमचं. पेटी रिकामी झाल्याशिवाय गेट बंद नाही.

परवा पेटीत एक कार्ड उरलं. सत्तरीचा म्हातारा, रोज सायकल ढकलत येणारा. अंधार पडायला लागला होता. सध्या ताग पुरुषभर उंच झालाय, आत शिरलं की दोन हातांवरचा माणूस दिसत नाही. हीच वेळ तस्करांचीही. खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या, सोनं, गुरं, सगळं याच पिकाच्या आडोशाने जातं. मी दोन जवान घेऊन आत गेलो. डोक्यात नको ते विचार. पलीकडे गेला असेल? कुणी ओढून नेला असेल? मोठ्याने हाक मारावी तर आडोशाला कोण बसलंय सांगता येत नाही.

बांधावर सापडला. ऊन लागून पडला होता, तोंडावर गमछा, ओठांतल्या ओठांत "जोल, जोल", म्हणजे पाणी, पाणी म्हणत होता. त्याला पाठीवर घेतलं. वजन तुमच्याएवढंच असेल बाबा, नुसती हाडं. पोस्टवर आणून ओआरएस पाजलं, तेव्हा कुठे डोळे उघडले. आणि शुद्धीवर आल्याआल्या त्याने पहिलं काय मागितलं असेल? कार्ड. ते छातीशी धरून मगच उरलेलं पाणी प्याला.

माझ्या खांद्याला रायफल होती, ती कामाला आली नाही. बहुतेक दिवस असेच जातात, आणि तसेच जावेत म्हणून आम्हाला तिथे ठेवलंय. तस्कर सापडला तरी तपास आमचा नाही. माणूस आणि माल पोलिसांकडे किंवा कस्टमकडे द्यायचा, पंचनाम्यावर सही करायची, परत नाक्यावर यायचं.

निवडणुका लागल्या की आमच्या कंपन्या दुसऱ्या राज्यांत जातात. कायदा-सुव्यवस्था राज्याची, आम्ही हाताखाली जातो. शाळेच्या वर्गात झोपायचं, पहाटे मतदान केंद्रावर. मला वाटतं, या फिरवाफिरवीत ट्रेनिंग आणि रजा दोन्ही मागे पडतात, आणि थकलेल्या माणसाला गर्दीपुढे उभं करणं बरं नाही. तिथे समोर शत्रू नसतो, आपलेच लोक असतात. गडचिरोलीत, छत्तीसगडात असलेल्या सीआरपीएफच्या पोरांना तर हे आमच्यापेक्षा जास्त सोसावं लागतं. 6 एप्रिल 2010 ला छत्तीसगडच्या ताडमेटल्यात नक्षलवाद्यांच्या हल्ल्यात एका सकाळी 76 गेले. तुम्ही तेव्हा पेपर माझ्यापासून लपवला होतात, आठवतं?

आणखी एक. दरवर्षी 21 ऑक्टोबरला पोलीस शहिदांना मानवंदना देतात, आपल्या पुण्यातही. ती तारीख लडाखच्या हॉट स्प्रिंग्जची आहे. 1959 साली चिनी सैन्याच्या गोळ्यांनी तिथे दहा जवान पडले. ते दहाही पोलीस होते.

सैन्याला जुनी पेन्शन आहे, 2004 नंतर लागलेल्या आम्हाला नाही. याचं मला वाईट वाटतं, ते लपवत नाही. कॅन्टीनचं मात्र मनाला लावून घेऊ नका. आमच्या दलांची वेगळी भांडारं असतात. रजेवर आलो की तळेगावला सीआरपीएफच्या कॅम्पात मी स्वतः चौकशी करतो. आईच्या गुडघ्यासाठी आयुष्मान कार्डाचे कागदही तेव्हाच करून टाकू, तोवर तिने जिना चढू नये.

बाबा, यंदा पालख्या पुण्यात मुक्कामाला येतील तेव्हा तुम्ही नाना पेठेत जालच. बंदोबस्ताला राज्य राखीव दलाची पोरं असतील, रामटेकडीची. दिवसभर उभी असतात. त्यांना पाणी विचारा.

रविवारी संध्याकाळी सातला फोन करतो. कानाचं यंत्र लावून बसा.

तुमचा,
बाळू