चार बटणं दाबा हो, एक नाही!

संपादक साहेब, नमस्कार,

जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकीत माझी ड्युटी लागली होती, मी झेडपी शाळेत शिक्षक. मुंबई सोडली तर बहुतेक ठिकाणी चार सदस्यांचा प्रभाग, म्हणजे एका मतदाराला अ, ब, क, ड अशी चार मतं द्यायची, पण हे लोकांना आधी कोणी सांगतच नाही! सगळा प्रचार आपापल्या चिन्हाचा.

एक आजी आत गेल्या, एक बटण दाबलं आणि निघाल्या, चारही मतं झाल्यावर वाजते ती बीप काही वाजेना. "आजी, अजून तीन राहिलीत," म्हटलं तर म्हणतात, "मला एकालाच द्यायचं होतं रे बाबा." नोटा ("यापैकी कोणीही नको" हे बटण) म्हणजे काय हे रांग थांबवून समजावलं, बाहेरून आरडाओरडा सुरू, आत बसलेला उमेदवाराचा एजंट कुजबुजतोय, मी घामाघूम. बरं, कोणाला द्या हे आम्हाला सांगता येत नाही आणि सांगूही नये.

मतदार स्लिप वाटतानाच "चार मतं, नको असेल तिथे नोटा" एवढी एक ओळ मोठ्या अक्षरात छापा की! आणि हो, सकाळी साडेसातला मतदान म्हणजे आम्ही पहाटेपासून तिथे, चहाचं तेवढं बघा.

एक मतदान अधिकारी, पुणे